आपल्या परिसरातील रस्त्यांची जोडणी कशी मोजावी

शहर बाहेर पसरते तेव्हा रस्त्यांची लांबी वाढते, पण ते एकमेकांना मिळतातच असे नाही. हा फरक मोजण्यासाठी पुण्याची जुनी सदाशिव पेठ आणि 2021 मध्ये महापालिकेत आलेली वाघोली यांची तुलना करून पाहावी.

ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावरून दोन्ही ठिकाणचा अर्धा किलोमीटर लांब-रुंद भाग छापून घ्यावा. जिथे तीन किंवा अधिक रस्ते मिळतात तिथे गोल करावा आणि जिथे रस्ता संपतो तिथे फुली मारावी. दोन खुणांमधील रस्त्याचे तुकडे मोजून त्या संख्येला गोल आणि फुल्या यांच्या बेरजेने भागावे. मोठ्या, चौकटीदार रचनेत हे उत्तर 2 च्या जवळ जाते. मुख्य रस्त्यापासून फांद्यांसारखे फुटून तिथेच संपणारे रस्ते असतील, तर ते 1 च्याही खाली राहते. नगररचनाकार साधारणपणे 1.4 किंवा त्याहून अधिक आकडा चांगला मानतात.

केवळ नकाशावर विसंबू नये. सोसायटीच्या फाटकामागचा रस्ता नकाशात जोडलेला दिसला, तरी तिथून कोणालाही जाता येत नसेल तर तो बंदच धरावा. उलट पेठेतला एखादा अरुंद बोळ पायी जाणाऱ्याचा मोठा वळसा वाचवतो, म्हणून पादचाऱ्यांसाठी वेगळी मोजणी करावी. माझ्या मते शाळेत किंवा बसथांब्यावर चालत जाणाऱ्यांच्या दृष्टीने हीच मोजणी अधिक महत्त्वाची आहे. घर ते बसथांबा हे प्रत्यक्ष चालण्याचे अंतर सरळ रेषेतील अंतराने भागल्यास वळसा किती पडतो, तेही कळते.

यानंतर गूगल अर्थवरील जुनी उपग्रहचित्रे क्रमाने पाहावीत. शेतजमीन तुकड्यातुकड्याने बिगरशेती होत गेली आणि प्रत्येक प्रकल्पाने आपल्यापुरता रस्ता हमरस्त्याला जोडला, तर शेजारचे दोन प्रकल्प भिंतीला भिंत लागूनही एकमेकांपासून दूर राहतात. एकदा इमारती उभ्या राहिल्या की मधून रस्ता काढणे फार अवघड होते. म्हणून मोकळे पट्टे नकाशावर लगेच रंगवावेत, त्यांचे सर्व्हे क्रमांक टिपावेत आणि प्रारूप विकास आराखडा (शहराच्या पुढील नियोजनाचा मसुदा) प्रसिद्ध होताच हरकती-सूचनांच्या मुदतीत कोणते दोन रस्ते कुठे जोडावेत, हे मोजणीच्या आकड्यांसह लेखी कळवावे.