बाटली भरायला निघण्याआधी

गावातल्या विहिरी, नळ, नदीच्या पाण्यात पीफास आहे का, हे तपासायला नमुने घ्यायचेत. पहिलं काम आदल्या रात्रीचं, आणि तेही घरातच. उद्या अंगात घालायचा शर्ट जुना, सुती, दहा वेळा धुतलेला काढून ठेवा. पावसाळी जाकीट नको, ‘डाग धरत नाही’ म्हणून घेतलेली पँटही नको. आपण ज्याच्या मागावर निघालोय ते पीफास नावाचं रसायनांचं कुटुंब अशाच कपड्यांवर, नॉनस्टिक तव्यावर आणि तेल न झिरपणाऱ्या खाऊच्या कागदावर सापडतं. त्यातली कार्बन आणि फ्लोरिनची गाठ इतकी पक्की असते की ऊन, पाणी, जिवाणू यांना ती सहसा सुटत नाही. सकाळी तोंडाला क्रीम किंवा सनस्क्रीन लावू नका. हे सांगितलं की मुली गुमान ऐकतात; केसांना जेल चोपडून येतात ती पोरंच.

एवढं सोवळं कशाला, असं वाटेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफाससाठी पिण्याच्या पाण्यात प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅमची (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) मर्यादा घातली. आपल्या हिशोबात सांगतो. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाचा, जिवंत (वापरता येणारा) साठा २१७१ दशलक्ष घनमीटर. तो काठोकाठ भरलेला असताना त्यात पावणेनऊ किलोच्या आसपास पीएफओए सगळीकडे एकसारखं मिसळलं, तरी ती मर्यादा गाठली जाते. एवढ्याशा मापात जाकिटाची ओली बाही बाटलीच्या तोंडाला लागली तर तुम्ही नदी नव्हे, बाही मोजून आणाल.

त्याहीआधी प्रयोगशाळेला फोन करा. ‘पाणी तपासता का’ एवढंच विचारू नका, हो म्हणतील. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या मान्यतेत पीफास आहे का, ते विचारा. तालुक्याच्या लॅबमध्ये नायट्रेट, क्षार, फ्लोराइड होतं. जलसुरक्षकाकडच्या (गावातलं पाणी तपासणाऱ्याकडच्या) किटमध्येही फ्लोराइडचा रंग दिसतो, आणि पाण्यातल्या फ्लोराइडनं गांजलेल्या किनवटकडच्या गावांना त्याचं मोल चांगलं ठाऊक आहे. पण फ्लोराइड वेगळं आणि पीफास वेगळं. किटला पीफास दिसत नाही.

बाटल्या लॅबकडूनच मागवा. मागे एकदा आमच्या विहिरीचं पाणी मी थंड पेयाच्या बाटलीत घेऊन गेलो होतो. टेबलापलीकडच्या माणसानं ती हातातसुद्धा घेतली नाही. राग आला, पण चूक माझीच होती. पीफाससाठी एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची बाटली लागते, झाकणाला आतून टेफ्लॉनचं (नॉनस्टिक तव्यावरचं तेच) अस्तर नको. कपाशीवरच्या औषधांचे अंशही तपासायचे असतील तर गोष्ट नेमकी उलटी: त्यांना गडद तपकिरी काचेची बाटली, आणि तिच्या झाकणाला बहुधा टेफ्लॉनच असतं. दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या ठेवा, भरणारे हातही वेगळे असले तर उत्तम. नळाच्या पाण्याच्या बाटलीत चिमूटभर पांढरी पूड असेल. ती कचरा समजून विसळू नका, पाण्यातला क्लोरीन मारायला घातलेली असते. लॅबनं दिलेलं शुद्ध पाणी नदीकाठीच उघडून एका रिकाम्या बाटलीत ओता. हा कोरा नमुना. त्यात पीफास निघालं तर दोष आपल्या हाताळणीचा किंवा बाटलीचा, नदीचा नाही. हातमोजे नायट्राइलचे, बिनपावडरचे, प्रत्येक ठिकाणी नवे.

क्रम स्वच्छाकडून घाणीकडे: आधी विहीर, मग बोअर, मग नळ, मग नाथसागर आणि शेवटी खाम नदी. बोअर बराच वेळ चालवून साचलेलं पाणी काढून टाकावं लागतं, तेव्हा थ्री फेज लाईट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, ते आधी विचारून घ्या. हे विसरलं की सगळी फौज बांधावर बसून राहते. जारच्या पाण्याचीही एक बाटली भरा. गावात निम्मी घरं तेच पितात, आणि जारवाल्यांचा आरओ फिल्टर पीफास बरंचसं अडवतो ही गोष्ट खरी. उकळून किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून पीफास जात नाही.

वहीत वेळ, कुणी भरलं, कुणी झाकण लावलं, पाऊस झाला होता का, कालव्याला आवर्तन सुरू होतं का, धरणाचे दरवाजे उघडे होते का, सगळं साध्या बॉलपेननं लिहा. जलसुरक्षकाची सही घ्या. कुठल्याही कारखान्याचं नाव मात्र वहीत नको. ते नंतर, आकडे हातात आल्यावर.

अहवाल आला की सरपंच पहिला प्रश्न विचारतील: ‘लिमिट किती?’ त्याची तयारी आताच करून ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या २०१२ च्या भारतीय प्रमाणकात कीटकनाशकांचा तक्ता आहे, डीडीटीसुद्धा आहे. पीफासची ओळ नाही. म्हणून बाहेरचे आकडे जवळ ठेवा: अमेरिकेचे वर दिलेत, युरोपीय संघात वीस पीफास मिळून लिटरला १०० नॅनोग्रॅम. कुणी म्हणेल, सरकार नद्या तपासतंच की. तपासतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे होते, सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातले. पण ती यादी बीओडीवर, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्या मापावर, बेतलेली. बीओडीत जे कुजतं ते दिसतं, आणि पीफास कुजतच नाही. हे एक वाक्य ग्रामसभेसाठी पाठ करून जा, बाकी रसायनशास्त्र नाही सांगितलं तरी चालेल.

राहिला बर्फ. निळ्या जेलच्या पिशव्या नकोत, साधा बर्फ दुहेरी पिशवीत बांधून डब्यात ठेवायचा आणि नमुने दहा अंशांच्या खाली ठेवत लॅब गाठायची. लग्नसराई असेल तर रसवंतीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, सकाळी त्याच्याकडे उरत नाही.