गुळात मोडलेली साखर किती? बेनेडिक्ट चाचणी कशी करावी

साखर आणि गूळ दोन्ही उसाचेच, पण बेनेडिक्ट द्रावणात (तांब्याचं निळं द्रावण, मोकळं ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज मिळालं की रंग बदलतं) टाकून तापवले की फरक लगेच कळतो. साखरेचं पाणी उकळलं तरी निळंच राहतं, गुळाचं हिरवं-पिवळं होतं, कधी थेट विटकरी. सुक्रोजमध्ये, म्हणजे आपल्या साखरेत, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ज्या टोकांनी जोडलेले असतात, तांब्याला इलेक्ट्रॉन देणारी टोकं नेमकी तीच. गुऱ्हाळात काहिलीत रस आटतो तेव्हा उष्णता आणि रसातलं आम्ल मिळून थोडं सुक्रोज मोडतं आणि ही टोकं मोकळी होतात.

द्रावण तयार मिळतं. स्वतः करायचं तर 100 मिलीसाठी सोडियम सायट्रेट 17.3 ग्रॅम आणि निर्जल सोडियम कार्बोनेट 10 ग्रॅम 80 मिली कोमट पाण्यात विरघळवा. कॉपर सल्फेटचे निळे खडे 1.73 ग्रॅम वेगळ्या 10 मिली पाण्यात विरघळवून, ढवळत ढवळत त्यात ओता आणि एकूण 100 मिली करा. सायट्रेट कमी पडलं तर तांबं कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. धुण्याच्या सोड्याचे स्फटिक वापरणार असाल तर 10 नव्हे, 27 ग्रॅम लागतील, कारण निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं.

गूळ रव्याच्या (ढेपेच्या) आतल्या भागातून खरवडा, बाहेरची कड ओलावा धरून बसलेली असते. 2 ग्रॅम गूळ 10 मिली पाण्यात विरघळवून मलमलीतून गाळा. साखरेचंही तेवढंच द्रावण करा.

परीक्षानळीत 5 मिली बेनेडिक्ट, त्यात नमुन्याचे 8 थेंब. सोबत साध्या पाण्याची एक नळी आणि मेडिकलमधल्या ग्लुकोज पावडरची एक. सगळ्या उकळत्या पाण्याच्या भांड्यात 5 मिनिटं उभ्या ठेवा. थेट ज्योतीवर धरलं तर द्रावण उसळून बाहेर येतं. कोल्हापूरच्या उंचीवर पाणी साधारण 98 अंशांना उकळतं, पण त्याने काही बिघडत नाही.

खरी फसगत रंगात होते. गूळ काळपट असेल तर तपकिरी आणि निळा मिळून तापवण्याआधीच हिरवट झाक येते. म्हणून त्याच गुळाची एक नळी न तापवता बाजूला ठेवा. नळ्या 10 मिनिटं स्थिर ठेवून तळाशी बघा. पिवळा, नारिंगी किंवा विटकरी साका बसला तरच चाचणी होकारार्थी. तो साका क्युप्रस ऑक्साइडचा. दोन गुळांची तुलना करताना पातळपणा आणि थेंब सारखेच हवेत.

आता साखर मोडून बघा. साखरेच्या 5 मिली द्रावणात 0.1 ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक आम्ल) घालून 20 मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, गार करा, मग फेस थांबेपर्यंत चिमटी-चिमटीने खाण्याचा सोडा घाला. हे टाळलं तर उरलेलं आम्ल बेनेडिक्टमधल्या कार्बोनेटशी भिडतं आणि चाचणी बिघडते. यानंतर मात्र हीच साखर विटकरी साका देते. ताज्या लिंबाचा रस वापरू नका, त्यात स्वतःचंच ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं.

गुळात मोडलेली साखर जास्त असेल तर पावसाळ्यात रवा पाझरतो, कारण फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढतं. तोडलेला ऊस दोन-चार दिवस पडून राहिला की पेशींमधलं इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज तोडत राहतं, आणि मग रसातलं आम्ल मारायला चुना नेमका घातला तरी गूळ नीट बसत नाही. काकवीत हीच मोडतोड मुद्दाम हवी असते, नाहीतर तळाशी साखरेचे खडे धरतात.

उरलेलं द्रावण नाल्यात ओतू नका, तांबं माशांना मारक आहे. बाटलीत साठवा आणि प्रयोगशाळेच्या कचऱ्यात द्या.