पोस्टग्रेसमध्ये ओपनएसएसएलला पर्याय जोडताय? या चुका टाळा

२०१४ साली हार्टब्लीड या सुरक्षा-दोषाने ओपनएसएसएलवर, म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या लायब्ररीवर, विसंबलेल्या सगळ्यांची झोप उडवली. पोस्टग्रेस हा डेटाबेसही त्यातच. तेव्हापासून ग्नूटीएलएस या पर्यायी लायब्ररीचा पॅच येऊन गेला, २०२० पासून मोझिलाच्या एनएसएस या तशाच लायब्ररीवर मेहनत झाली आणि २०२२मध्ये तीही थांबली. एवढं काम वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘एक फाईल लिहिली की झालं’ हा समज. पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीपासून ओपनएसएसएलचा कोड वेगळ्या फायलींत आहे, त्यामुळे तसं वाटतं खरं. पण स्क्रॅम या पासवर्ड-पद्धतीत लॉगिन त्याच एन्क्रिप्टेड कनेक्शनशी बांधण्याला (चॅनल बाइंडिंग) सर्टिफिकेटचा हॅश लागतो, रँडम आकडे ओपनएसएसएलकडून येतात आणि पीजीक्रिप्टो हे एन्क्रिप्शनचं एक्स्टेन्शन तर १५व्या आवृत्तीपासून त्याशिवाय बिल्डच होत नाही. आधी अशा सगळ्या जागा शोधून यादी करा, मगच कोडला हात घाला.

दुसरी अडचण सर्टिफिकेटची. सर्टिफिकेटची पेम फाईल जागेवर आहे, परवानग्या ठीक आहेत, तरी सर्व्हर ‘सर्टिफिकेट सापडत नाही’ म्हणतो? एनएसएस सर्टिफिकेट स्वतःच्या डेटाबेसमध्ये टोपणनावाने शोधतं. सर्टयूटिल या एनएसएसच्या कमांडने तिथली यादी बघा; बहुतेकदा आयात करायचंच राहिलेलं असतं.

कनेक्शन आल्यावरच प्रोसेस कोसळत असेल तर फोर्ककडे, म्हणजे प्रोसेसची नवी प्रत काढण्याकडे, बघा. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला नवी प्रोसेस काढतं आणि एनएसएस ज्यावर चालतं त्या पीकेसीएस-११ या क्रिप्टो-मानकाच्या नियमानुसार फोर्कनंतर चाइल्ड प्रोसेसने पुन्हा इनिशियलाइझ करावं लागतं. पोस्टमास्टरमध्ये, म्हणजे मूळ सर्व्हर प्रोसेसमध्ये, एकदाच केलेली तयारी पुढे चालत नाही. लिबपीक्यू या क्लायंट लायब्ररीत गुंता आणखी वाढतो, कारण ज्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ती बसते तेही एनएसएस वापरत असू शकतं. म्हणून तिथे एनएसएसचा स्वतंत्र कॉन्टेक्स्टच उघडा.

जुने क्लायंट लिबपीक्यूच्या ‘पीक्यूगेटएसएसएल’ फंक्शनमधून थेट ओपनएसएसएलचा पॉइंटर घेतात. नव्या लायब्ररीत तिथे नल (रिकामा पॉइंटर) परत करा, दुसऱ्या प्रकारचा पॉइंटर कधीही नको.

आता एकत्र काम करण्याबद्दल. अवाढव्य पॅच एकदम पाठवला की रिव्ह्यूला कोणी हात लावत नाही आणि तोवर मूळ कोड पुढे सरकतो. रिफॅक्टरिंग, म्हणजे वागणूक न बदलता कोडची फेरमांडणी, वेगळं काढा, तेवढंच आधी मंजूर करून घ्या. १४व्या आवृत्तीत आलेला ‘विथ-एसएसएल’ हा बिल्ड-पर्याय असाच पायाभरणीचा होता. टेस्ट दोन्ही लायब्ररींवर चालवा. आणि मेलिंग लिस्टवरच्या पहिल्याच पत्रात सांगा की हा कोड सांभाळणार कोण, कारण पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती ५ वर्षं दुरुस्त करावी लागते.