नाशिक ते डहाणू ई-सायकल सहल : घाटात, गावात आणि वाळूवर होणाऱ्या चुका

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा-चारोटी आणि डहाणू-बोर्डी हा नाशिककरांसाठी जवळचा समुद्र-मार्ग आहे. मार्गदर्शकाबरोबरची तीन दिवसांची ई-सायकल सहल या रस्त्यावर छान बसते. पहिल्या दिवशी साधारण ८० किलोमीटर करून जव्हार गाठायचं, दुसऱ्या दिवशी साधारण ६०-६५ किलोमीटरवरचं डहाणू आणि तिसऱ्या दिवशी घोलवडच्या चिकूच्या वाड्यांमधून बोर्डीचा किनारा. सोबत सपोर्ट गाडी असते, पुढे वाट दाखवणारा 'लीड' आणि मागे राहिलेल्यांना सांभाळणारा 'स्वीप' असतो, तरीही गट ठरावीक जागी अडकतातच. बहुतेक वेळा दोष सायकलचा नसतो, हिशेब चुकलेला असतो.

बुकिंग करताना : नेमकी कुठली गाडी?

आपल्याकडे 'ई-बाईक' म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर स्कूटर येते. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. पेडल मारून मोटरची साथ मिळणारी सायकल आहे का? मोटर हबमध्ये (चाकाच्या मध्यभागी) आहे की क्रँकपाशी (पेडलच्या आसाजवळ)? बॅटरी किती वॅट-अवरची आहे, म्हणजे तिच्यात किती ऊर्जा मावते? मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर परवाना आणि नोंदणी लागत नाही. त्यापुढची गाडी मोटार वाहनाच्या नियमात येते.

वॅट-अवर सांगता आले नाहीत, तर बॅटरीवरचे दोन आकडे गुणा. ३६ व्होल्ट गुणिले १०.४ अँपिअर-अवर म्हणजे सुमारे ३७५ वॅट-अवर. स्वस्त मॉडेलमध्ये ५.८ अँपिअर-अवरची बॅटरी असते, ती फक्त २०९ वॅट-अवरची. शहरात भाजी आणायला ती पुरते, पण या सहलीला ती घेऊन येऊ नका.

सर्वांत मोठी चूक : 'सगळा उतारच आहे'

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, जव्हार साधारण साडेचारशेवर आणि डहाणू अगदी समुद्राकाठी. नकाशात आकडे उतरताना दिसतात आणि सगळे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात त्र्यंबक नाशिकपेक्षा उंच आहे. तोरंगण घाट उतरल्यावर मोखाड्याच्या बाजूला रस्ता दऱ्याखोऱ्यांतून खालीवर होत राहतो. एक ओढा ओलांडला की पुढचा चढ उभाच. उतारावर बॅटरी वाचते खरी, पण भरत नाही, कारण बहुतेक हब मोटरच्या सायकलींत उतारावर बॅटरी चार्ज होण्याची सोयच नसते. म्हणून आयोजकाकडे नुसती किलोमीटरची संख्या मागू नका, दिवसाची एकूण चढाई मीटरमध्ये मागा.

मग हिशेब असा करा. स्वार ७५ किलो, सायकल २३ किलो, सामान ७ किलो, एकूण १०५ किलो. एवढं वजन १०० मीटर वर न्यायला सुमारे २९ वॅट-अवर ऊर्जा लागते. मोटरमधला अपव्यय धरला तर बॅटरीतून ३८ च्या आसपास जातात. निम्मं काम पायांनी केलंत तर बॅटरीचे १९-२० वॅट-अवर खर्च होतात. सपाट-चढउताराचा सरासरी खर्च मधल्या पातळीच्या साथीवर किलोमीटरमागे ६ ते ८ वॅट-अवर धरा. ८० किलोमीटरला ७ ने गुणलं की ५६०. बॅटरी आहे ३७५ ची. म्हणजे एका चार्जमध्ये जव्हार येत नाही, हे घरीच कागदावर कळतं.

यावर उपाय दोनच. सपोर्ट गाडीत प्रत्येक दोन सायकलींमागे एक जादा बॅटरी असावी, नाहीतर जेवणाच्या मुक्कामात चार्जिंग व्हावं. सोबतचा चार्जर बहुधा २ अँपिअरचा असतो. तो तासाला सुमारे ७२ वॅट-अवर भरतो, म्हणजे दहाएक किलोमीटर. दीड तासाच्या जेवणात जेमतेम १०० वॅट-अवर येतात. 'जेवताना फुल होईल' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्यांवरही भिस्त नको. चढावर मोटर जास्त करंट ओढते, तेव्हा बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं आणि पडद्यावर एकच पट्टी दिसते. सपाटीवर आल्यावर तीन पट्ट्या परत येतात. खरा अंदाज घ्यायचा असेल तर सायकल थांबवून, दोन मिनिटांनी पाहा. पडद्यावर व्होल्टचा आकडा दिसत असेल तर तो बघा. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते आणि ३०-३१ च्या आसपास मोटर बंद पडते.

चढावर थ्रॉटल आणि जड गिअर

नाशिकला सायकल नवी नाही. २०१५ साली इथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी अमेरिकेची 'रॅम' (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पूर्ण केली आणि ती पूर्ण करणारा पहिला भारतीय संघ ठरले. पण साध्या सायकलचे सराईत स्वारच ई-सायकलवर एक चूक नेमकी करतात. जड गिअरमध्ये उभं राहून दाबून पेडल मारतात, नाहीतर थकल्यावर पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर (मोटर चालवणाऱ्या हँडलवरच्या मुठीवर) चढ चढतात. हब मोटर ताशी ८-१० किलोमीटरच्या खाली फिरली की तिची कार्यक्षमता घसरते. विजेतला मोठा भाग उष्णतेत जातो, मोटरची वीज नियंत्रित करणारा कंट्रोलर तापतो आणि मोटर आपोआप बंद होते. त्यावेळी बॅटरी संपलेली नसते, फक्त ताप वाढलेला असतो. सावलीत १५-२० मिनिटं थांबा, पाणी ओतू नका.

योग्य पद्धत अशी : चढ दिसला की तो सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका, पाय मिनिटाला ७० च्या आसपास फिरते ठेवा, साथ पहिल्या-दुसऱ्या पातळीवर ठेवा. चढ अगदी उभा असेल तर उतरून चाला. बहुतेक सायकलींत वजा चिन्हाचं बटण दाबून धरल्यावर ती ताशी ६ किलोमीटरपर्यंत स्वतः पुढे सरकते. त्याची लाज वाटून घेऊ नका, गुडघे आणि मोटर दोन्ही वाचतात.

घाट उतरताना

ई-सायकल २०-२५ किलोंची असते. साध्या सायकलच्या सवयीने ब्रेक लावला तर थांबायला लांब अंतर लागतं. तोरंगण घाटात सतत ब्रेक दाबून उतरणं ही धोक्याची चूक आहे. डिस्क तापते, पॅड गुळगुळीत होतात आणि खालच्या वळणावर लिव्हर दाबूनही पकड मिळत नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकत्र, ठामपणे दाबा, वेग उतरला की सोडा, पुढच्या वळणाआधी परत तेच. निघण्याआधी पॅड तपासा. घासणारा थर एक मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर बदलून घ्या. दोन स्वारांत किमान ३०-४० मीटर अंतर ठेवा, आणि लीडच्या पुढे कोणीही जाऊ नये. पुढे गेलेला माणूस चुकीच्या फाट्यावर वळला की अख्खा गट तासभर थांबतो.

पावसाळ्यात हा भाग हिरवागार दिसतो, पण घाटात धुकं आणि ओढ्यांना पाणी असतं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकल त्यात घालू नका. हबच्या आसापर्यंत पाणी आलं की ते मोटरमध्ये शिरतं. 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या बहुतेक सायकली शिंतोडे सहन करतात, बुडणं नव्हे. सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

'मोटर चालेना' : आधी हे पाहा

रस्त्यात सायकल बंद पडली की लोक थेट बॅटरीला दोष देतात. या क्रमाने तपासलं तर बरेच दोष पाच मिनिटांत सापडतात.

१. बॅटरी काढून परत बसवा, किल्ली फिरवून लॉक झाल्याचा आवाज ऐका. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती जागेवरून हलते.

२. ब्रेकच्या लिव्हरवर बोट टेकलंय का, केबल अडकून लिव्हर अर्धवट दाबलेली राहिलीय का? लिव्हरमध्ये मोटर तोडणारा स्विच असतो. लिव्हर पूर्ण मागे आली नाही तर पडदा सुरू दिसतो, पण मोटर फिरत नाही. हा दोष सर्वांत फसवा आहे.

३. मागचं चाक नुकतं काढलं होतं का? हब मोटरच्या केबलच्या जोडावर दोन बाण असतात. ते समोरासमोर आणून, खुणेच्या रेषेपर्यंत जोड आत ढकला. वाकडा घुसवला तर आतल्या पिना वाकतात.

४. पेडलपाशी बसवलेली चुंबकांची चकती आणि तिच्यासमोरचा सेन्सर चिखलाने भरला असेल तर कपड्याने पुसा.

५. एवढं करूनही नाही झालं तर सायकल अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू करा. पडद्यावर कोड दिसला तर त्याचा फोटो काढा आणि मार्गदर्शकाला दाखवा. कोडचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, अंदाजाने वायरी उपटू नका.

पंक्चरचं वेगळं सांगायला हवं. बाभळीचा काटा या भागात कुठेही भेटतो. मागच्या हबच्या नटांना बहुधा १८ चा पान्हा लागतो. साध्या सायकलच्या किटमध्ये तो नसतो आणि गावात ऐनवेळी मिळेलच असं नाही. प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब हव्यात, कारण २७.५ किंवा २९ इंची ट्यूब मोखाड्याच्या दुकानात शोधत बसायची नाही. चाक काढण्याआधी वायर आणि वॉशरांचा क्रम मोबाईलवर टिपून घ्या. खाचेचं वॉशर उलटं लागलं की मोटरचा आस फ्रेममध्ये फिरतो आणि केबल पिळवटून तुटते. सायकल उलटी टेकवताना हँडलखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, नाहीतर पडदाच फुटतो.

जव्हारच्या मुक्कामी चार्जिंग

पोहोचताच गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका. पाऊण तास सावलीत ठेवा, हाताला कोमट लागणंही थांबू द्या. एक चार्जर सुमारे १०० वॅट घेतो, म्हणजे दहा चार्जरचे एक किलोवॅट. वायरिंग चांगलं असेल तर भार मोठा नाही, पण स्वस्त मल्टिप्लगवर दहा चार्जर चढवले की सॉकेट वितळतो. दोन-तीन बोर्डांवर वाटून लावा. लॉजच्या इन्व्हर्टरवर काही लावू नका, रात्री तो बंद पडेल आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या अर्ध्याच राहतील. वीज जाण्याची शक्यता धरून संध्याकाळीच चार्जिंग सुरू करा, सकाळसाठी ठेवू नका.

चार्जरवर चिठ्ठी लावा. ३६ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्ट देतो, ४८ व्होल्टचा ५४.६. जोड सारखा बसला म्हणून कोणाचाही चार्जर लावला तर बॅटरी खराब होते, आगही लागू शकते. उशाशी, गादीवर किंवा बाहेर जायच्या दाराशी चार्जिंग नको.

किनारपट्टीवर

नाशिकची कोरडी हवा अंगवळणी पडलेला माणूस कासाच्या खाली उतरला की दमट हवेत गडबडतो. घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट-घोट प्या. नुसतं पाणी नको, एक लिटरमध्ये ओआरएसचं एक पूर्ण पाकीट. सकाळी सव्वासहाला निघालात तर बाराच्या आत डहाणू येतं. चारोटीला राष्ट्रीय महामार्ग ४८ ओलांडताना मात्र गटाने उतरून, सायकली ढकलत, एकत्र जा. ट्रकचालकांना वीस सायकली अपेक्षित नसतात.

बोर्डीला सुरूच्या बनातून समुद्र दिसला की कोणालाही वाळूत शिरायचा मोह होतो. कोरड्या मऊ वाळूत चाक रुतलं की मोटर जवळपास थांबलेल्या वेगात पूर्ण करंट ओढते, वर सांगितलेला तापण्याचा प्रकार इथे पाच मिनिटांत होतो. ओहोटीनंतरची घट्ट ओली पट्टीच निवडा. हवा ४० पीएसआयवरून २०-२५ वर आणा आणि रस्त्यावर परतताना पुन्हा भरा, नाहीतर रिम ट्यूब चावते. भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री बघा. कोळी बांधवांचा ढोबळ हिशेब असा, की तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. हा हिशेब अंदाजासाठी ठेवा, सायकल नेताना छापील कोष्टकच पाहा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पट्टी झपाट्याने अरुंद होते.

लाटेतून फोटोसाठी सायकल नेणं टाळा. खारं पाणी चेन, बेअरिंग आणि केबलच्या जोडांत बसतं, आणि गंज काही दिवसांनी, घरी पोहोचल्यावर दिसतो. त्याच संध्याकाळी बॅटरी काढा, गोड्या पाण्याच्या ओल्या कपड्याने आणि मऊ ब्रशने सायकल पुसा. प्रेशरचा पाइप मारू नका, तो पाणी हबच्या सीलमधून आत ढकलतो. मग चेन कोरडी करून तेल द्या.

परत येताना

टेम्पोत सायकल चढवताना बॅटरी आणि निघत असेल तर पडदा काढून वेगळ्या पेटीत ठेवा. सायकली एकमेकींवर टेकल्या तर मागची केबल दबते, मध्ये जुन्या चादरी घाला. विमानाने केरळ-गोव्याला पुढची सहल ठरवत असाल तर स्वतःची बॅटरी नेता येत नाही. प्रवासी विमानात १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही, तिथे भाड्याचीच सायकल घ्यावी लागते.

घरी आल्यावर बॅटरी पूर्ण भरून महिनाभर ठेवू नका, रिकामीही ठेवू नका. ५०-६० टक्क्यांवर, थंड कोरड्या जागी ठेवा, आणि महिन्यातून एकदा पट्ट्या पाहून कमी झाल्या असतील तर तेवढ्याच भरा.