पोस्टडॉक पाठ्यवृत्तीचा अर्ज करताना या चुका टाळा

गोव्यात ताळगावच्या पठारावरील विद्यापीठातून, दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतून किंवा वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून पीएच.डी. करून बाहेर पडणाऱ्या तरुण संशोधकांचे पोस्टडॉकचे, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या पाठ्यवृत्तीचे, अर्ज पाठवण्यापूर्वी वाचून देण्याचे काम मी काही वर्षे करत आलो आहे. जे अर्ज नाकारले गेले, त्यांतल्या बहुतेकांत विद्वत्तेची वाण नव्हती. प्रबंध लिहिताना लागलेली सवय अर्जात तशीच उतरते आणि ‘मी आजवर काय केले’ हे सांगण्यातच सगळी पाने खर्ची पडतात, ही मला सर्वांत मोठी चूक वाटते.

खाजन जमिनींवर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतांवर, काम केलेल्या एका उमेदवाराचा दहा पानांचा मसुदा माझ्याकडे आला होता. त्यातील साडेसहा पाने मातीतील क्षारतेच्या जुन्या नोंदींची होती आणि नवे काम शेवटच्या पानावर चार ओळींत आटोपले होते. ‘गोव्यातील खाजन जमिनींचा सखोल अभ्यास करणे’ हे त्याचे उद्दिष्ट होते. हा विषय झाला; त्यात प्रश्न कोठेच नव्हता. बऱ्याच चर्चेनंतर ते वाक्य असे झाले: ‘बांध फुटून खारे पाणी शिरलेल्या शेतात मानशीची दुरुस्ती झाल्यानंतर किती हंगामांनी कोरगुटाचे (खारे पाणी सोसणाऱ्या भाताचे) पीक पुन्हा घेता येते, आणि तो काळ मातीतील कोणत्या घटकांवर ठरतो?’ प्रश्न असा नेमका झाल्याबरोबर कोणती मोजमापे घ्यायची, त्यासाठी कोणती प्रयोगशाळा हवी आणि दोन वर्षे का लागतील, हे सारे आपोआप सुचत गेले. जुन्या कामाला दीड पान पुरले. प्रस्ताव तपासणारी व्यक्ती बहुधा तुमच्या नेमक्या विषयातील नसते, त्यामुळे मानस म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी अडवणारे आणि सोडणारे दार, हे एका वाक्यात सांगणेही आवश्यक असते.

दुसरी चूक, ज्यांच्याकडे पोस्टडॉक करायचे त्या भावी मार्गदर्शकाला लिहिलेल्या पत्रात होते. ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळावी’ असे एकच पत्र चाळीस जणांना पाठवले, तर ते कोणासाठीच लिहिलेले नाही, हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळते. त्यांच्या कोणत्या शोधनिबंधातील कोणता निष्कर्ष तुमच्या प्रश्नाशी जोडला जातो, तुम्ही कोणते कौशल्य घेऊन येत आहात, आणि कोणत्या योजनेतून कोणत्या तारखेपर्यंत अर्ज करायचा आहे, एवढे तीन लहान परिच्छेदांत लिहावे. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही, तर एकदा विनयाने आठवण करून द्यावी आणि मग दुसऱ्या मार्गदर्शकाकडे वळावे. युरोपातील मारी क्युरी पाठ्यवृत्तीची अंतिम तारीख सहसा सप्टेंबरमध्ये असते आणि ऑगस्टमध्ये तिकडे सुट्ट्या असतात, म्हणून हा पत्रव्यवहार एप्रिल-मेमध्येच सुरू झाला पाहिजे. जपानच्या विज्ञान प्रोत्साहन संस्थेच्या (जेएसपीएस) योजनेत तर अर्जच यजमान संशोधकामार्फत, म्हणजे तिथल्या मार्गदर्शकामार्फत, जातो. तेथे मार्गदर्शकाशी उशिरा बोलणे म्हणजे ते वर्ष गमावणेच.

पात्रतेचे नियम प्रस्ताव लिहिण्याच्या आधी वाचावेत. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल पाठ्यवृत्ती भारतीय नागरिकांसाठीच आहे आणि ती आयुष्यात एकदाच घेता येते. आपल्याकडे ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे, त्यांनी ही अट प्रथम पाहावी. जर्मनीच्या हम्बोल्ट प्रतिष्ठानाच्या पाठ्यवृत्तीला राष्ट्रीयत्वाची अट नाही, मात्र तिच्या पोस्टडॉक गटासाठी पीएच.डी.नंतरची पहिली चार वर्षेच धरली जातात. मारी क्युरी योजनेत अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ यजमान देशात राहिलेला किंवा काम केलेला उमेदवार अपात्र ठरतो. गोव्याच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना हा नियम हमखास अडवतो, कारण प्रबंधासाठी लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात सव्वा वर्ष काढलेले असते आणि नंतर तिथल्याच विद्यापीठाचा विचार मनात येतो. अशा वेळी स्पेन, नेदरलँड्स किंवा अन्य देशातील यजमान शोधावा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. जन्मदाखल्यावर आडनाव जुन्या पोर्तुगीज वळणाने आणि पदवीवर नव्या वळणाने लिहिलेले असणे गोव्यात नवीन नाही. पासपोर्ट, पदवी आणि शोधनिबंध यांवरील नावे जुळत नसतील, तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. पदवीदान समारंभ दूर असेल, तर विद्यापीठाकडून तात्पुरते प्रमाणपत्र घ्यावे. मौखिक परीक्षेची तारीख, निकालाच्या अधिसूचनेची तारीख आणि समारंभाची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांपैकी योजनेला कोणती चालते, हे वाचून तीच अर्जात लिहावी. शिफारसपत्र देणाऱ्यांना नुसती विनंती करून थांबू नये. प्रस्तावाचा एक पानी सारांश त्यांच्या हाती द्यावा, म्हणजे पत्रात तुमच्या वागणुकीपलीकडे कामाविषयीही काही येईल.

अर्ज भरण्यासाठी शेवटचा दिवस ठेवू नये. मारी क्युरीची मुदत ब्रसेल्सच्या वेळेने संपते; तिथले सायंकाळचे ५ म्हणजे सप्टेंबरमध्ये आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ असतात, आणि पावसाळी रात्री वीज नेमकी तेव्हाच जाऊ शकते. मारी क्युरीच्या मुख्य भागाला दहा पानांची मर्यादा आहे आणि त्यापुढची पाने परीक्षकांपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा उतरवून घेऊन शेवटच्या पानापर्यंत तपासावी. ही तपासणी मी दुसऱ्या माणसाकडून करून घेण्याचा आग्रह धरतो, कारण स्वतःच्या मजकुरातील चूक डोळ्यांना दिसेनाशी झालेली असते.

अर्ज नाकारला गेला, तर परीक्षकांचे अभिप्राय आठवडाभर बाजूला ठेवून मग हातात पेन घेऊन वाचावेत आणि जेथे ‘स्पष्ट नाही’ असे म्हटले आहे, तेथे आपल्या प्रस्तावातील नेमके वाक्य शोधून खूण करावी. अशा बहुतेक खुणा पद्धतीच्या भागात सापडतात आणि महिन्याभराच्या कामाने दुरुस्त होतात. मात्र काही योजनांत फार कमी गुण मिळालेला प्रस्ताव पुढच्या वर्षी त्याच यजमान संस्थेतून पुन्हा देता येत नाही, तेव्हा दुरुस्तीला बसण्यापूर्वी ती अट पाहून घ्यावी आणि मार्गदर्शकाला निकाल त्याच आठवड्यात कळवावा.