सायकलवरून पडल्यावर लगेच निघू नका

पडल्यावर ताडकन उठून सायकल उचलावीशी वाटते. थांबा. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर हलूच नका, मदत बोलवा. तसं नसेल तर रस्त्याच्या कडेला सरका आणि काही मिनिटं शांत बसा. अ‍ॅड्रिनलिनमुळे सुरुवातीला वेदना दबलेल्या असतात. मनगट आणि गळ्याजवळचं हाड चाचपून बघा. हात टेकून पडल्यावर बहुधा तीच मोडतात. डोकं आपटलं असेल आणि मळमळ, गरगर किंवा गोंधळल्यासारखं वाटत असेल तर राइड तिथेच संपली, डॉक्टरकडे जा. हेल्मेटचा आतला फोम एकदा दबला की संपला, त्यामुळे बाहेरून तडा दिसला नाही तरी ते बदला. इथे काटकसर नकोच.

मग सायकल. हँडल सरळ आहे का, ब्रेक लागतात का, चाक अडखळतं का, हे लगेच कळतं. खरा दगा देतो तो मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा. सायकल उजव्या कुशीवर पडल्यावर तो आत वाकू शकतो. सायकलच्या मागे उभं राहून बघा: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) दात्यांशी समांतर हवीत. ती आत कललेली दिसली तर मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन अजिबात चढवू नका. डिरेलर आऱ्यांत अडकला तर चाकही जातं आणि तुम्ही पुन्हा पडता. मधल्या गिअरवरच घर गाठा.

खरचटलेलं भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, मातीचा कण राहू देऊ नका आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते तपासा.