स्टार्च आणि लाळेचा प्रयोग: या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला मी वर्षानुवर्षे हा प्रयोग घेते आणि वर्षानुवर्षे त्याच चुका पाहते. स्टार्चच्या द्रावणात पातळ केलेली लाळ घालायची आणि आयोडीनचा निळा-काळा रंग केव्हा येईनासा होतो ते पाहायचं, एवढंच काम. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्चच्या साखळ्या तोडतं. प्रत्येक तोडीला पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, म्हणून हे जलअपघटन.

सगळ्यात घातक चूक म्हणजे गरम नळीत आयोडीन टाकणं. एकदा एक मुलगा धावत आला, "मॅडम, माझं दोन मिनिटांत झालं!" 37 अंशांवर थांबायचा धीर नव्हता, म्हणून त्यानं बेनेडिक्टसाठी (काही साखरा ओळखणाऱ्या द्रावणाच्या चाचणीसाठी) उकळत ठेवलेल्या पाण्यात नळी धरली होती. आयोडीनचे दोन थेंब टाकले, रंग आला नाही. वहीत निष्कर्षही लिहून झाला होता. मी नळी गार पाण्याखाली धरली. आधी बुडाशी धुरकट निळी छटा आली, ती हळूहळू वर चढली आणि बघता बघता अख्खी नळी शाईसारखी झाली. स्टार्च जसाच्या तसा होता! आयोडीन स्टार्चच्या मळसूत्री साखळीत अडकलं तरच निळं दिसतं. खूप गरम असताना ते तिथून सुटतं. अमायलेज तर उकळत्या पाण्यात केव्हाच निकामी झालं होतं. एका चुकीनं दुसरी झाकली आणि उत्तर मात्र पुस्तकातलं आलं. अशा उत्तराची मला फार भीती वाटते. उष्णता वाढवली की क्रियेचा वेग वाढतो हे खरं, पण विकर शाबूत असेपर्यंतच. थर्मामीटर असला तरी मी नळी मनगटाला लावून पाहते. कोमट लागली पाहिजे, चटका बसता कामा नये.

दुसरी चूक, सगळं आयोडीन थेट नळीत ओतणं. त्यानं प्रयोगातला सगळ्यात सुंदर भाग हुकतो. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब आधी मांडून ठेवा आणि दर मिनिटाला नळीतला एक थेंब त्यात सोडा. निळा, मग जांभळा, मग तांबूस-तपकिरी, शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळट रंग. मधले रंग अर्धवट तुटलेल्या साखळ्यांचे, म्हणजे डेक्स्ट्रिनचे. साखळी तोकडी होत जाताना दिसते ती इथेच.

वेळ वाचवायला कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीची, नळी गाळू नका. उकळून गार केलेली लाळ घातलेली एक नळी शेजारी हवीच. त्याशिवाय मी वहीवर सही करत नाही.

स्टार्च कच्चा वापरू नका, शिजलेल्या कणांवर विकर फार लवकर काम करतं. खळ करतो तसा आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात ओता, गुठळ्या होत नाहीत. लाळ घेण्याआधी चूळ भरा. ती डिस्टिल्ड वॉटरनं पातळ करताना मी चिमूटभर मीठ घालते, कारण या अमायलेजला क्लोराइड लागतं.

निष्कर्षात "ग्लुकोज तयार झालं" असं लिहू नका. मुख्यतः माल्टोज ही साखर तयार होते. तिचे दोन ग्लुकोज करायला माल्टेज हे वेगळं विकर लागतं.

आणि घरच्या साखरेला बेनेडिक्टचा विटकरी रंग आला नाही म्हणून बाटली खराब ठरवू नका. ती साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोज तसा रंग देतच नाही. यीस्टमधल्या इन्व्हर्टेजनं तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ द्या, मग तीच बाटली वापरून पाहा.